मोरीच्या दुरुस्तीचा हिशेब

स्वतःचे घर म्हणजे आमच्यासारख्यांना काय असते, ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको. विक्रोळीच्या झोपडपट्टीत पंचवीस वर्षे काढल्यावर २००४ साली पुनर्वसन योजनेत तिसऱ्या मजल्यावर २२५ चौरस फुटांची खोली हाती आली. स्वतःची मोरी, स्वतःचा नळ. आमच्या आईने पहिल्या दिवशी तो नळ चार वेळा उघडून बंद केला होता. म्हणून त्याच मोरीची नासधूस झाली तेव्हा जीव फार तुटला.

२०२२ च्या मे महिन्यात जुनी लादी बदलायला काढली. बाजारातला एक हार्डवेअरचा दुकानदार प्लंबिंगची कामेही घेतो म्हणून त्याच्याकडे गेलो. ३२ हजारांत काम ठरले, तेही तोंडी. कागद करावा असे आमच्या आयुष्मतींनी सुचवले, तर आम्हीच म्हणालो, "अगं, ओळखीतला माणूस आहे." ओळख म्हणजे काय, तर त्याच्याकडून दोनदा खिळे आणले होते.

त्याने एक मिस्त्री आणि एक बिगारी पोरगा पाठवला. तीन दिवसांत काम उरकले, आम्ही पैसे चुकते केले. पंधरा दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या मावशी जिना चढून आल्या. भांडल्या नाहीत, नुसते दाखवायला घेऊन गेल्या. त्यांच्या ओट्यावरच्या छताचा परातीएवढा गिलावा गळून पडला होता. "तुमचं पाणी आमच्या भाकरीवर पडतंय बघा," एवढेच म्हणाल्या. वर येऊन पाहतो तो मोरीलगतचे आमचे लाकडी कपाट तळापासून फुगलेले आणि आतली मुलीची नर्सिंगची पुस्तके भिजून एकमेकांना चिकटलेली.

दुकानदाराला फोन केला. आधी 'उद्या येतो', मग 'इमारतच जुनी, आमचा काय दोष', मग फोन उचलणेच बंद. आम्ही रागाच्या भरात दुसरा प्लंबर आणून लादी फोडायला निघालो होतो. मुलीने अडवले. म्हणाली, "बाबा, पुरावा तुम्हीच फोडताय."

तिचे ऐकले ते बरे झाले. दुकानदाराला साध्या मराठीत पत्र लिहिले. कोणत्या तारखेला काम केले, किती रक्कम दिली, काय नुकसान झाले. सात दिवसांत दुरुस्त करून द्या, नाहीतर अमुक दिवशी सकाळी अकरा वाजता आम्ही लादी उघडणार आहोत, तेव्हा हजर राहा. पोचपावती लावून टपालाने पाठवले, मोबाईलवरही धाडले. (पहिल्या खर्ड्यात निम्म्या शिव्याच होत्या. तो आयुष्मतींनी फाडला.) तो आला नाही. सोसायटीचे सेक्रेटरी आणि खालच्या मावशी यांच्यासमोर दुसऱ्या प्लंबरने लादी उचलली. खालच्या नहाणी ट्रॅपला छिन्नीचा घाव बसून तडा गेला होता. तो नुसत्या सिमेंटने लिंपून वर नवी लादी ठोकली होती! मुलीने सगळ्याचे फोटो काढले. जे दिसले ते कागदावर लिहून तिघांच्या सह्या घेतल्या. मावशींनी आपली सही सावकाश, एकेक अक्षर जुळवून केली.

दोन ठिकाणांहून खर्चाचा अंदाज लिहून आणला. मोरी पुन्हा करायला २१ हजार, मावशींचे छत ९ हजार ५००, कपाट आणि पुस्तके ७ हजार. एकूण ३७ हजार ५००. मनस्तापाची भरपाईही मागता येते, पण आम्ही मागितली नाही. त्यावरून घरात वाद झाला तो वेगळाच. मावशींचे छत मात्र आधी पदरच्या पैशाने करून दिले. दुकानदाराशी भांडण आमचे होते, त्यांचे नव्हे.

हे करता करता कायदाही थोडा कळला. १९८६ चा ग्राहक कायदा जाऊन २०१९ चा नवा आला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला. पैसे मोजून काम करून घेणारा माणूसही ग्राहकच. आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कामासाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही लागतोच असे नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. १९१५ या क्रमांकावर फोन केला की माहिती मिळते. आमच्याकडे पावती नव्हती, पण पैसे मोबाईलवरून दिले होते, त्याची नोंद बँकेत होती. तक्रार लिहून काढली आणि तिची एक प्रत दुकानदाराला पाठवली.

चार दिवसांनी रात्री दारावर थाप पडली. बघतो तो कामाला आलेला तो बिगारी पोरगा. जेमतेम वीस वर्षांचा. म्हणाला, "काका, छिन्नी माझ्याच हातून लागली. मिस्त्री बोलला, लिंपून टाक. आता शेठ भरपाईचे पैसे माझ्या मजुरीतून कापणार आहे."

आमचा घास घशातच अडकला. आम्हीही तरुणपणी बिगारीच केली आहे. मालकाचे फुटलेले कौल आमच्या हजेरीतून कापले गेले होते, ते आजही आठवते. त्या रात्री आम्ही म्हणालो, सोडून देऊ सगळे. आयुष्मती म्हणाल्या, "सोडाल तर शेठला सोडाल. या पोराचे त्यात काय सुटणार?" बरोबरच होते. ३२ हजार शेठने घेतले, माणसे त्याने पाठवली, तेव्हा चुकीची भरपाईही त्यानेच करायची.

शेठ तडजोडीला आला. घासाघीस होऊन ३० हजारांवर ठरले, तीन धनादेशांत. कराराच्या कागदावर आम्ही एक ओळ घालायला लावली: ही रक्कम कोणत्याही कामगाराच्या मजुरीतून कापली जाणार नाही. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण सही केली. तिन्ही धनादेश वटले. पोराला विचारले तेव्हा तो म्हणाला, एका आठवड्याचे आधीच कापले होते, ते काही परत दिले नाहीत. आम्ही शेठला दोनदा फोन केला. त्याने उचलला नाही.

पोरगा आता स्वतंत्र कामे घेतो. गेल्या महिन्यात आमच्या नळाचे वायसर बदलून गेला. वहीत तारीख आणि रक्कम लिहून आम्ही त्याची सही घेतली. मग त्याने आपली वही काढली आणि आमची घेतली.