शिळी न झालेली भाकरी

आमच्या घरात कलकत्त्याचं अंतर भाकरीवर मोजलं जाई. 1972 च्या दुष्काळानंतर आबा गलाईच्या कामाला तिकडं गेले. जुनं सोनं मुशीत वितळवून शुद्ध करायचं हे काम. माणदेश, आटपाडी, खानापूरकडची माणसं त्यासाठी देशभर पांगली आहेत. आबा म्हसवडहून एसटीनं निघायचे आणि कल्याणला हावडा मेल पकडायचे. मुंबई ते हावडा नागपूरवरून 1,968 किलोमीटर. आई पहिल्या दिवसाला भाकरी, पुढच्या दिवसांना दशम्या आणि शेवटाला शेंगदाण्याची चटणी न् चुरमुरे बांधून द्यायची. कलकत्त्यात पोचायची ती फक्त चटणी.

आता कलकत्त्याच्या बऊबाजारातली आबांची भट्टी दादा सांभाळतो. यंदा मार्गशीर्षातल्या सिद्धनाथाच्या रथाला त्याला येता आलं नाही, म्हणून आईच म्हणाली, "आपुनच जाऊ." विमानाचं तिकीट काढलं. पुणे ते कोलकाता सरळ रेषेत सुमारे 1,580 किलोमीटर, वेळ अडीच तास.

"अडीच तासाला शिदोरी कशाला?" असं मी म्हणालो. तिनं ऐकलं नाही. पहाटे तीनला चूल पेटली. चारला जीप निघाली आणि फलटणमार्गे पुण्याच्या लोहगाव विमानतळावर पोचेतो नऊ वाजले. म्हणजे विमानात जेवढा वेळ जाणार होता, त्याच्या दुप्पट वेळ पुण्याला पोचण्यातच गेला.

सामान देताना काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "सुकं खोबरं आहे का?" होतं ना! रथावर गुलाल-खोबरं उधळतात, त्यातलं वाटीभर आईनं दादासाठी जपून ठेवलं होतं. खोबऱ्यात तेल फार, ते पेट घेतं, म्हणून ते सामानातही चालत नाही आणि हातातही. आबांनी तीस वर्षं रेल्वेनं नेलेला प्रसाद इथं अडला. देवाचं टाकायचं कसं? आम्ही दोघांनी रांगेच्या कडेला उभं राहून ते खाल्लं. आईचे दात दुखले, पण तिनं एक तुकडाही सोडला नाही.

विमानात तिनं परतीचं तिकीट पाहायला मागितलं. त्यावर वीस मिनिटं जास्त होती. वरती वारं पश्चिमेकडून पूर्वेला वाहतं, जाताना ते पाठीशी असतं, असं मी समजावलं. ती म्हणाली, "म्हंजे घरी येतानाच उलटं वारं."

विमानतळावरून टॅक्सीनं बऊबाजारात शिरलो तेव्हा पाच वाजले होते आणि अंधार पडू लागला होता. आईला वाटलं, माझं घड्याळ बंद पडलं. मी म्हसवडला बायकोला फोन लावला, तर तिकडं अजून अंगणात ऊन होतं. घड्याळ देशभर एकच, पण सूर्य इथं तासभर आधीच घरी जातो.

दादानं फडकं सोडलं. बाजरीची भाकरी जरा चिवट झाली होती, पण वाळली नव्हती. त्यानं ती हातात धरली, तोडली नाही.

"आई, ही आजची हाय?"

"पहाटंची."

म्हसवडची भाकरी त्या घरात त्याच दिवशी पोचल्याची ही पहिलीच वेळ. त्यानं चटणीला लावून अर्धी संपवली आणि मग विचारलं, "अन् रथाचं खोबरं?"

आई माझ्याकडं बघून हसली. "ते पुढच्या येळंला. रेल्वेनं."