सासवडचा वाडा आणि आमची अम्मी

आमच्या छोट्याने चुलतभावाच्या मोबाइलवर ‘तुंबाड’ पाहिला. सिनेमा मोठ्यांचा, पोर दहा वर्षांचं! त्यातल्या कोंडून ठेवलेल्या, नातवाने भरवायच्या म्हातारीची त्याने अशी धास्ती घेतली की, दादीच्या खोलीत जाणंच सोडलं. अम्मी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. “छोटा कुठंय?” ती रोज विचारायची, आणि आम्ही अभ्यासाचं निमित्त पुढे करायचो.

ऑगस्टमधल्या एका रविवारी त्याला स्कूटरवर बसवलं आणि कोंढव्याहून बोपदेव घाटाने सासवड गाठलं. सिनेमातला वाडा इथलाच, सरदार पुरंदऱ्यांचा. दगडी बुरूज आणि शनिवारवाड्याची आठवण यावी असा दरवाजा. आम्ही बाहेरूनच पाहिला. भिंतींवर गवत माजलेलं, शेवाळ चढलेलं. छोट्याने माझा हात सोडला नाही.

त्याला म्हटलं, हे सगळं जुळवलेलं आहे. तुंबाड गाव कोकणात, वाडा इथे देशावर, काही भाग साताऱ्याकडचा, काही महाबळेश्वरचा. पडद्यावर मात्र सगळं एकाच पावसात भिजतं. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी २०१२ साली चित्रीकरण सुरू केलं, मग बरंच काही पुन्हा केलं. सिनेमा लागायला २०१८ उजाडलं. हाती पैसा बेताचा, पण पाऊस खरा हवा होता. म्हणून दर वर्षी पावसाळ्याची वाट पाहायची. मला तरी ते पटतं. नळीने पाडलेला पाऊस भिंतीत मुरत नाही.

त्याला यात रस नव्हता. “आणि ती म्हातारी?”

“तिच्या मेकअपखाली एक मुलगा होता. मोहम्मद समद. पांडुरंग झालाय ना, तोच.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “मुलगा?”

“हो. तासन्‌तास बसवून चेहऱ्यावर ते सगळं चिकटवायचे.”

“त्याला खाज नाही सुटली, अब्बा?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. परतताना बाजारात पुरंदरची सीताफळं घेतली. पिशवी त्याने मांडीवर धरली. घाट उतरेपर्यंत समदचीच चौकशी चालू होती: शाळेत जायचा का, त्याची दादी घाबरली असेल का?

मगरिबनंतर तो अम्मीच्या दारापाशी बराच वेळ घुटमळला. मग वाटी घेऊन आत गेला, बिया काढून एकेक घास भरवू लागला. हात लांबूनच पुढे करत होता. “अरे, जवळ ये ना,” अम्मी म्हणाली, “मला दिसत नाही नीट.”