शेजारचं पार्सल

आमच्या घरी दिवसभर कुणी ना कुणी असतं, ही बातमी आष्ट्यात फिरणाऱ्या समस्त कुरियरवाल्या पोरांना कशी लागली कुणास ठाऊक. पण लागली खरी. गाडी दारात थांबते आणि हाक येते, "काका, शेजारचं पार्सल हाय, ठिवून घेता का?" गल्लीतली निम्मी माणसं दिवसा रानात, नाहीतर सांगलीला कामाला. पोरानं तरी किती हेलपाटे घालायचे? घेतो ठेवून.

पूर्वी हे एवढं सोपं नव्हतं बरं का. साधं पत्र पोस्टमन शेजारी देऊन जायचा, पण 'रजिस्टर' आलं की ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात, नाहीतर त्याने लेखी अधिकार दिलेल्याच्या. २०२५ साली टपाल खात्याने ते रजिस्टर स्पीड पोस्टातच मिसळून टाकलं. दारात पैसे मोजून वस्तू घ्यायची हीसुद्धा काही आजची टूम नाही, आपल्याकडे व्ही.पी. १८७७ पासून आहे.

आता सहीच्या जागी बऱ्याचदा ओटीपी असतो. तो जातो मागवणाऱ्याच्या मोबाईलवर, आणि मागवणारा पुण्यात! मग फोनाफोनी. 'ओटीपी कुणालाही सांगू नका' असं बँका घसा कोरडा करून सांगतात, आणि इथे आम्ही तो भर गल्लीत ओरडून सांगतो. पैसे द्यायचं पार्सल असेल तर मात्र आधी घरधन्याला फोन, मगच पाकिटाला हात. कुणी मागवलेलंच नसतं अशीही पार्सलं येतात हो.

पण लिहायला बसलोय ते वेगळ्याच कारणाने. गेल्या पावसाळ्यात एक भलामोठा खोका आला. नाव पलीकडच्या घरातल्या मुलाचं. त्या घराशी आमचं तीन वर्षं बोलणं नाही. मधल्या भिंतीचा वाद, अर्ज नगरपालिकेत. कुरियरच्या पोराला हे काय माहीत? त्याने खोका आमच्या कट्ट्यावर टेकवला, फोन लावला आणि माझ्या हातात दिला. खोक्यावर ठसठशीत चित्र होतं, कमोडच्या खुर्चीचं. पलीकडचे अण्णा अंथरुणाला खिळलेत हे मला त्या चित्राने सांगितलं. एका भिंतीपलीकडे! मुलगा तिकडून आकडे सांगत होता. मी कोण बोलतोय ते त्याला कळलं नव्हतं, की कळूनही.. असो.

बायको म्हणाली, "असाच नेऊ नका. गल्लीला कशाला दाखवायचं?" मग वर जुनी चादर टाकून आम्ही बापलेकांनी तो खोका उचलला. काकींनी दार उघडलं. "पैसं किती द्यायचं?" एवढंच म्हणाल्या. पैसे मुलाने आधीच भरले होते. खुर्ची जोडायला पाना नव्हता, तो घरून आणला. अण्णा कॉटवरून बघत होते. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. पहिल्यांदा खुर्चीवर बसवताना मात्र त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

आता मुलाचा फोन थेट मलाच येतो. औषधं, डायपर, मध्ये एकदा हवेची गादी. "काका, घ्या लिहून." मी लिहून घेतो. भिंतीचा अर्ज अजून नगरपालिकेत आहे, आणि तो मी मागे घेतलेला नाही, हेही सांगून टाकतो.