शेवटच्या इंजेक्शनआधी

रस्त्यावरच्या कुत्र्याच्या मानेत अळ्या पडलेल्या असतात. घेऊन येणारा नाकाला रुमाल लावून म्हणतो, "डॉक्टर, हाल बघवत नाहीत. इंजेक्शन देऊन मोकळं करा त्याला." त्याच दिवशी कुणाची तरी म्हातारी पॉमेरेनियन येते. केस विंचरलेले, अंगावर ओरखडा नाही. घरचे म्हणतात, "थोडं पाणी पितेय अजून. आणखी एक सलाइन लावून बघू या."

पहिला कुत्रा बहुधा वाचतो. अळ्या चिमट्याने काढायच्या, जखम धुवायची, औषधं चालू ठेवायची. काही आठवड्यांत मांस भरून येतं. पॉमेरेनियनच्या किडन्या गेलेल्या असतात. तोंडात व्रण, श्वासाला उग्र दर्प, मळमळ थांबतच नाही. ती गप्प पडून असते, कारण कण्हायचंही त्राण उरलेलं नसतं. घरच्यांना ती शांतता वाटते.

दयामरणाचा विचार करताना माणसाचे डोळे असे फसतात. किळस आली की आपण घाई करतो, माया असली की उशीर. दोन्ही वेळी मोजतो ते आपलं दुःख. जनावराला आत्ता किती वेदना आहेत आणि त्या कमी होण्याची शक्यता किती, एवढेच प्रश्न माझ्या लेखी खरे. भटक्या कुत्र्यांच्या जननेंद्रियावरची रक्त गळणारी गाठ पाहून लोक हबकतात. पण आठवड्याला एक याप्रमाणे व्हिनक्रिस्टिनचे साधारण चार ते सहा डोस दिले की बहुतेक गाठी विरघळतात. अशा कुत्र्याला मारायला मी साफ नकार देते. गाडीखाली येऊन मागचे पाय लुळे पडलेल्या कुत्र्याचं उलट असतं. पायाचं बोट चिमट्यात दाबल्यावर त्याने पाय मागे घेतला की आणणाऱ्याला आशा वाटते. पण ती हालचाल मेंदूपर्यंत काहीही न पोचताही होते. तो वळून बघतो का, विव्हळतो का, हे पाहावं लागतं. मणका चिरडून वेदनेची ती खोल संवेदनाच गेली असेल, तर पाय परत येण्याची आशा फार थोडी. तरी वेदना नसेल आणि सांभाळणारं घर असेल, तर तेवढ्यावरून त्याचा जीव घ्यावा असं मला वाटत नाही. रेबीजची लक्षणं दिसल्यावर मात्र कुत्र्यावर उपचारच नाही. तिथे वाट पाहणं म्हणजे त्याचे हाल वाढवणं आणि माणसांना धोक्यात घालणं.

हाच प्रश्न १९२८ साली साबरमती आश्रमापुढे उभा राहिला. तिथे एक वासरू वेदनेने पडून होतं. त्याला कूस बदलता येत नव्हती, खाणं जात नव्हतं, अंगावर माश्या घोंघावत होत्या. डॉक्टरांनी हात टेकल्यावर गांधीजींनी आश्रमातल्यांशी चर्चा करून त्याला इंजेक्शन देववलं. दोन मिनिटांच्या आत सगळं संपलं. त्यांनी ते स्वतः लिहून जाहीर केलं आणि संतापाच्या पत्रांचा भडिमार झाला. मला त्या प्रसंगात महत्त्वाचा वाटतो तो क्रम: आधी सेवा, मग जाणकाराचं मत, मग निर्णय आणि त्याची उघड जबाबदारी. कंबरेचं हाड मोडून एका कुशीवर पडलेल्या, खालच्या बाजूने सडत चाललेल्या गाई मी पाहिल्या आहेत. भोवतीची माणसं मनापासून चारा-पाणी करत असतात. निर्णय घ्यायला कुणी धजत नाही. वास्तविक १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, कलम १३ मध्ये, अशा जनावरासाठी वाट आहे. मालक नसला किंवा नकार देत असला, तरी पशुवैद्यकाने 'याला जिवंत ठेवणंच क्रूरपणाचं' असा दाखला दिल्यावर पोलीस अधिकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश घेऊन पुढचं करू शकतो.

पद्धतीबाबत मी कुठलीच तडजोड मानत नाही. आधी गुंगीचं औषध, मग शिरेत सुई, मग पेंटोबार्बिटल किंवा थायोपेंटोनचा मोठा डोस. आधी शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. नुसतं मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून सोडणं स्वस्त पडतं, पण त्यात शुद्ध असतानाच जनावर गुदमरतं. ते दयामरण नव्हे. भटक्या कुत्र्यांसाठीच्या २०२३ च्या नियमांतही दुसऱ्या कुत्र्यासमोर हे करू नये आणि विल्हेवाटीआधी मृत्यूची खात्री करावी, असं स्पष्ट आहे. मी स्टेथोस्कोप लगेच काढत नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवते: डोळे उघडे राहतील, एखादा आचका येईल, लघवी होईल, त्याला तेव्हा काही कळत नसेल. हे न सांगितल्यामुळे वर्षानुवर्षं मनात डाचणारी शंका घेऊन जगणारी माणसं मला भेटली आहेत.

"आपोआप जाऊ दे ना," असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, आपोआप म्हणजे कसं? किडन्या गेलेल्या कुत्र्याचं आपोआप मरण म्हणजे उलट्या, झटके आणि अनेकदा कित्येक दिवस. शेवटचा चांगला दिवस आणि पहिला असह्य दिवस यांच्यामधली फट अरुंद असते. मी दयामरण त्या फटीच्या अलीकडच्या कडेला सुचवते. काहींना ते घाईचं वाटतं, आणि त्यांचा राग मी समजू शकते.

गावाकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट राहिली. दयामरणासाठी दिलेलं औषध मेलेल्या शरीरात टिकून राहतं. असं जनावर गावाबाहेर उघड्यावर टाकलं, तर त्यावर तुटून पडणारी कुत्री, कोल्हे, गिधाडं मरू शकतात. मेलेल्या जनावरांच्या शरीरात असंच उरलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गिधाडांचा घास घेतला आणि २००६ मध्ये ते जनावरांसाठी बंद करावं लागलं. तेव्हा खड्डा खोल खणा, किंवा दहन करा, आणि आम्ही कोणतं औषध दिलं ते जनावर उचलायला येणाऱ्याला आवर्जून सांगा.