आठ-शून्य

११ ऑक्टोबर २०२२, मंगळवार. रात्रीचे साडेनऊ-दहा वाजले असतील. मी घरून काम करत होते आणि ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने स्कोअर टाकला. भारत ०, अमेरिका ८. खाली लिहिलं होतं, "बरं झालं क्रिकेट नाहीये, नाहीतर म्हणाले असते एक ओव्हर झाली." मी त्यावर हसणारी स्माइली टाकली आणि परत कामाला लागले. तेवढंच. कुणाच्या लक्षातही नसेल आता. माझ्या आहे.

१७ वर्षांखालील मुलींचा फुटबॉल वर्ल्ड कप त्या वर्षी भारतात होता. भुवनेश्वर, मडगाव आणि आमच्या इथलं नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. यजमान म्हणून आपल्या मुलींना थेट प्रवेश मिळाला होता. गटात अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझील. निकाल ०-८, ०-३, ०-५. तीन मॅच, सोळा गोल खाल्ले, एकही केला नाही. बास, संपलं. दिवाळीच्या फराळात सगळे विसरून गेले.

मी पण विसरले असते. पण ३० ऑक्टोबरला फायनल होती, रविवार होता, आणि ऐरोलीहून नेरुळ म्हणजे काही लांब नाही. रूममेट म्हणाली, जाऊन येऊ या, घरी बसून तरी काय करणार? गेलो. खरं तर मला फुटबॉल आवडायचा हे तिला माहीतच नव्हतं. आठवीपर्यंत मी बिल्डिंगमधल्या मुलांबरोबर रोज खेळायचे, लेफ्ट बॅक. आठवीच्या सुट्टीत आई एकदा गॅलरीतून बघत उभी राहिली आणि रात्री जेवताना म्हणाली, "पुरे हां आता." भांडण नाही, रडारड नाही. मीसुद्धा "बरं" म्हटलं! पुढे इंजिनीअरिंगला मुलींसाठी कॅरम, चेस आणि थ्रोबॉल एवढंच होतं. असो.

आधी तिसऱ्या क्रमांकाची मॅच झाली. नायजेरिया तीन-शून्यने पुढे, आणि जर्मनीने शेवटी शेवटी तिन्ही गोल फेडले. मग पेनल्टीवर नायजेरिया जिंकली. आमचा घसा तिथेच बसला होता. नंतर फायनल, स्पेन विरुद्ध कोलंबिया. कोलंबियाकडून लिंडा कायसेडो खेळत होती. पंधराव्या वर्षी तिला कॅन्सर झाला होता, त्यातून बरी होऊन ती त्याच वर्षी देशाच्या सीनियर टीमकडूनसुद्धा खेळली होती. तिच्या पायात बॉल आला की कोलंबियाशी काही घेणंदेणं नसलेले लोकही खुर्चीतून उठायचे. पण मॅच फिरली ती ८२ व्या मिनिटाला, कोलंबियाच्याच डिफेंडरकडून झालेल्या स्वयंगोलवर. १-०, स्पेन चँपियन. त्या मुलीचं नाव मला माहीत आहे, पण नाही लिहीत. डिफेंडर होते ना मी पण.

आमच्या मागच्या रांगेत एक नऊ-दहा वर्षांची मुलगी बाबांबरोबर आली होती. मध्यंतरात तिने मला विचारलं, "ताई, यात इंडिया कुठली?"

म्हटलं, "इंडिया नाहीये गं. आधीच हरली."

"कितीने?"

"पहिली मॅच आठ-शून्य."

तिने जरा विचार केला. "पण मॅच तर केवढी मोठी असते. सगळा वेळ गोलच खात होत्या?"

काय उत्तर देणार? मी मॅच बघितलीच नव्हती. फक्त स्माइली टाकली होती.

घरी येऊन रात्री ती मॅच शोधली आणि बघितली. पहिला गोल नवव्या मिनिटाला. मध्यंतराला ५-०. अमेरिकेच्या मुली अंगाने मोठ्या होत्या हे खरं, पण फरक तो नव्हता. बॉल यायच्या आधीच तो पुढे कुठे द्यायचा हे त्यांना ठाऊक होतं, आणि आपल्या मुली बॉल पायाशी आल्यावर विचार करायच्या. तेवढ्यात तो गेलेला असायचा. त्यांचा तो सराव लहानपणापासूनच्या शेकडो मॅचेसचा, आपला काही महिन्यांच्या कँपचा. आठवा गोल ६२ व्या मिनिटाला झाला, अमेरिकेची कर्णधार मिया भूता हिने केला. (भारतीय वंशाची! नशीब बघा.)

आणि त्यानंतर गोल नाही. उरलेला जवळजवळ अर्धा तास एकही नाही. मॅच हातातून गेलेली, घरच्या प्रेक्षकांसमोर, कलिंगा स्टेडियमवर, आणि या मुली पळतच होत्या. तीन दिवसांनी मोरोक्कोविरुद्ध मध्यंतराला ०-० होतं. तेही मला माहीत नव्हतं.

मग वाचत सुटले. कर्णधार अष्टम उराँव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. वर्ल्ड कपच्या निमित्ताने सरकारने तिच्या गावाकडे जाणारा रस्ता करायला घेतला आणि त्या रस्त्यावर मजुरी करत होते तिचेच आईवडील. रोज २५० रुपये. मॅच बघता यावी म्हणून प्रशासनाने घरी टीव्ही बसवून दिला. त्यावर त्यांना पहिलं काय दिसलं असेल तर ते आठ गोल. टीममध्ये आपल्या पुण्याची एक मुलगी होती, काजोल डिसूझा. हे मला मराठी असून माहीत नव्हतं. त्याच वर्षी युरोप दौऱ्यावर एका सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाबद्दल काढून टाकावं लागलं होतं. ऑगस्टमध्ये तर फिफाने आपल्या फेडरेशनवरच बंदी घातली. कारण मोठ्या लोकांच्या खुर्च्यांचं भांडण. अकरा दिवस या मुलींना आपल्या देशात वर्ल्ड कप होणार की नाही हेच माहीत नव्हतं. २६ तारखेला बंदी उठली आणि दीड महिन्यात समोर अमेरिका.

पण मला झोप येईना ती वेगळ्याच गोष्टीने. हा वर्ल्ड कप मुळात २०२० सालचा होता. कोरोनामुळे आधी २०२१ वर ढकलला, मग त्या नोव्हेंबरात रद्दच केला आणि भारताला २०२२ चा दिला. कागदावर काही बिघडलं नाही. पण २०२० साठी १ जानेवारी २००३ किंवा त्यानंतरचा जन्म चालत होता आणि २०२२ साठी १ जानेवारी २००५. मधल्या दोन वर्षांत जन्मलेल्या मुली वर्षभर तयारी करून, वर्ल्ड कपच्या कुठल्याही मॅचमध्ये न हरता बाहेर पडल्या. आमच्याकडे रिलीज सहा महिने पुढे गेली तर आपण चिडतो, पण शेवटी ती जाते आणि आपलं नाव त्यात असतं. इथे रिलीज पुढे गेली आणि टीमच बदलली. त्या मुलींना कुणी आठ-शून्यसुद्धा म्हणणार नाही. मला ते जास्त वाईट वाटतं. हरायला तरी मिळायला हवं होतं.

यजमानपदावर मिळालेला प्रवेश चूक होता का? मला नाही वाटत. पण वर्ल्ड कप आणायला जेवढी घाई झाली, त्याच्या निम्मी तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना दर आठवड्याला एक खरी मॅच मिळावी म्हणून झाली असती, तर समोर मिया भूता असूनही स्कोअर वेगळा असता. दोन-चारचा फरक, फार नाही. पण दोन-चार गोलांचा फरक काय असतो हे लेफ्ट बॅकला विचारा :)

२०२५ च्या ऑक्टोबरात, वसुबारसेच्या दिवशी, १७ वर्षांखालील मुलींची आशिया कपची पात्रता मॅच बिश्केकला होती. समोर उझबेकिस्तान. यावेळी फुकटचं तिकीट नव्हतं. ३८ व्या मिनिटाला आपण गोल खाल्ला. प्रशिक्षक योआकिम अलेक्झांडरसन यांनी मध्यंतराचीही वाट न बघता ४० व्या मिनिटाला तंदामोनी बास्केला मैदानात उतरवलं. ५५ व्या मिनिटाला तिने बरोबरी केली, ६६ व्या मिनिटाला तिच्या पासवर अनुष्का कुमारीने दुसरा गोल केला. २-१. पात्रता फेरी जिंकून या वयाच्या आपल्या मुली आशिया कपला पोचल्या, पहिल्यांदाच.

ऑफिस अर्धं रिकामं होतं, सगळे गावाला. तोच ग्रुप अजून आहे, माणसं थोडी बदलली. मी स्कोअर टाकला. भारत २, उझबेकिस्तान १.

बऱ्याच वेळाने एकाने विचारलं, "कसला गं स्कोअर हा? हॉकी का?"

मी लिहायला बसले. ३८ पासून सुरुवात केली.