पाणी बदलताना

सरकारी नोकरास ‘बदली’ हा शब्द कोशात पाहावा लागत नाही. हुकुमाच्या कागदावर दोन ओळी असतात; कोणी कोठून कोठे जावयाचे एवढेच त्यांत असते, आणि सामान बांधणाऱ्यास तेवढे पुरतेही. परंतु जीव एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात कसा न्यावा, हे सांगणारे परिपत्रक आमच्या टेबलावरून अद्याप गेलेले नाही. ते ज्ञान आम्हांस दिल्लीच्या सरकारी निवासस्थानात, खिडकीखालच्या मेजावर ठेवलेल्या एका काचेच्या पेटीने दिले.

पेटी गप्पी माशांची. महाराष्ट्रात ज्याचे बालपण गेले त्याला गप्पींची ओळख करून द्यावयास नको. ते डासांच्या अळ्या खातात, म्हणून त्यांना विहिरी-हौदांत सोडण्याची चाल जुनीच. मूळचे ते त्रिनिदादचे व दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातले. तेथून ते आमच्या गावच्या हौदापर्यंत आले. म्हणजे बदलीच्या बाबतीत त्यांची सेवाज्येष्ठता आमच्याहून मोठी! गप्पीची मादी अंडी घालीत नाही. सुमारे चार आठवड्यांनी थेट पिलांनाच जन्म देते. पिलू जेमतेम सहा-सात मिलिमीटर लांब. दोन डोळे आणि एक थरथर, एवढेच त्याचे रूप. त्याचा पहिला शत्रू म्हणजे त्याची जन्मदात्री. भुकेपुढे तिला आपपरभाव उरत नाही. तेव्हा पिलांची पेटी निराळी, आणि तीत पाणवनस्पतींचा दाट आडोसा, हे ओघानेच आले.

आईच्या तोंडातून वाचलेल्या पिलाला पाण्यापासून वाचविणे मात्र त्याहून अवघड. पिलांना दिवसातून तीन-चार वेळा चिमूटचिमूट भरवावे लागते. उरलेले अन्न कुजते, त्यातून अमोनिया होतो, आणि पाणी डोळ्यांना निर्मळ दिसत असतानाच पिले पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. म्हणून पाणी बदलणे अटळ. “बाबा, पाणी घाण झालंय, तर सगळंच का नाही बदलत?” आमच्या सात वर्षांच्या कन्येने एकदा विचारले. एवढ्या वयात दोन शाळा आणि दोन गावे बदलून झालेल्या मुलीने हे विचारावे, याने आम्ही क्षणभर स्तब्ध झालो.

सगळे बदलू नये, कारण पिलाला नवे पाणी तितके बाधत नाही. बाधते ते त्याचे एकाएकी येणे. उष्णता, क्षार, आम्लता यांत अकस्मात फरक पडला की एवढासा जीव तो सोसू शकत नाही. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी दहावा हिस्सा, फार तर पाव हिस्सा पाणी काढावे. हिवाळ्यात पेटीत हीटर असेल तर तो आधी बंद करावा. मग हवेच्या पंपाला लावतात तसली बारीक नळी घेऊन तिच्या तोंडाशी मलमलीचा तुकडा बांधावा व पाणी पांढऱ्या बादलीत उतरवावे. पांढऱ्या तळावर चुकार पिलू चटकन दिसते. ते जाळीने न धरता पेल्याने पाण्यासकट उचलावे. गाळणीचा स्पंज धुवावयाचा तो याच काढलेल्या पाण्यात. कारण अमोनिया पचविणारे जीवाणू त्या स्पंजात राहतात, आणि नळाखाली धरताच त्यांचा संसार उठतो.

नळाच्या पाण्याची गोष्ट दिल्लीकरांस सांगणे नलगे. यमुनेत अमोनिया वाढला की वजीराबादच्या जलशुद्धीकरण केंद्राचे काम मंदावते. पाण्यातला क्लोरीन दिवसभर उघड्या बादलीत उडून जातो. पण तो अमोनियाशी मिळून क्लोरामाइन झालेला असला तर इतका सहज जात नाही. त्यासाठी सोडियम थायोसल्फेटचे मोजके थेंब घालावे लागतात. मग हात बुडवून दोन्ही पाण्यांची ऊब सारखी करावी, नळीला सैल गाठ मारावी, आणि नवे पाणी थेंबाथेंबाने सोडावे. तासभर लागतो. त्या तासात पिलांना काही घडल्याची जाणीवही होत नाही. आणि सगळी कला आहे ती एवढीच.

आमचे दुसरे बिऱ्हाड आता ईशान्येकडे हलावयाचे आहे. हुकूम निघाला तो ऐन सहामाहीनंतर. नवे गाव, नवी लिपी, नवी शाळा यांचे आम्हांस भय नाही. मुले नव्या पाण्यातच वाढतात. भय आहे ते जुने सगळेच एका सकाळी ओतून देण्याचे. म्हणून निघण्यापूर्वी आम्ही ठरविले आहे, की रात्रीची मराठी गोष्ट, देवघराची मांडणी आणि शनिवारचे आजीला पत्र, यांतले काहीही बदलावयाचे नाही. तसेच, कन्येची वार्षिक परीक्षा होईपर्यंत मुदत मिळावी, असा अर्जही आम्ही रीतसर सादर केला आहे. त्यात शाळेचा दाखला जोडला आहे. माशांचा उल्लेख केलेला नाही. सरकारी कामकाजात दाखला लागतो, दृष्टान्त चालत नाही.