बाकी उरते, तिचं काय करायचं?

मैत्रिणींनो, मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आईला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: "आई, यात गुणायचं की भागायचं?" पाढे वीसपर्यंत घडाघडा येत असतात. मांडून दिलेलं उदाहरणही बरोबर सुटतं. पण चार ओळींचं शाब्दिक उदाहरण समोर आलं, की पेन्सिल थांबते आणि मूल आपल्या तोंडाकडे बघत बसतं. गॅसवर भाजी, हाताला कणीक, अशा वेळी "भागायचं गं!" म्हणून मोकळं व्हावंसं कुणालाही वाटेल. पण त्यानं त्या दिवसाचा गृहपाठ तेवढा होतो. उद्या प्रश्न पुन्हा हजर!

आमची लेक चौथीत. भागाकाराचं पान उघडलं, की हिच्या पोटात दुखायला लागायचं. ओवा झाला, हिंग झालं. शेवटी या पोटदुखीवर उतारा मिळाला तो शाळेच्या स्नेहसंमेलनात. तोच आज तुम्हांला सांगणार आहे.

तिच्या वर्गात ४६ मुलं. वर्गाचं कोळीनृत्य बसायचं होतं. खाऊ आणि नाचाच्या कमरपट्ट्या यांचं काम आम्हां चार आयांकडे आलं. मी म्हटलं, हिशेब मुलांनाच करू दे. शनिवारी दुपारी वर्गातली पाच मुलं आमच्याकडे आली. सतरंजी अंतरली, पाठकोरे कागद दिले आणि मधोमध चिंचोक्यांचा डबा ठेवला. त्यातले मोजून ४६ चिंचोके बाहेर काढले. एक मूल, एक चिंचोका.

चिंचोके पाहून हसू नका हं! कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांना शिकवलं, ते आसपास मिळणाऱ्या अशाच बिनखर्चाच्या वस्तू हाताशी घेऊन. आणि आम्ही तर पडलो चाळीसगावचे. इथून जवळच पाटणला सापडलेल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती आहे. त्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली. तिच्यात नुसते आकडे नाहीत. कमळावरचे भुंगे आहेत, तळ्यातले हंस आहेत, अर्जुनाचे बाण आहेत. गणिताला प्रसंगाची जोड हवी, हे आपल्याकडे इतकं जुनं आहे.

पहिला प्रश्न लाडवांचा. मुलं ४६, शिवाय बाई आणि मदतनीस मिळून सहा, म्हणजे माणसं ५२. प्रत्येकी दोन लाडू, तर एकूण किती? "यात गुणायचं की..." लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, "दहा जणांना वाढून बघ." तिनं बोटांवर वाढलं, "दोन, चार, सहा..." आणि मध्येच थांबून म्हणाली, "म्हणजे दोनदोनच परत परत! मग गुणायचंच." ५२ दुणे १०४. पाढा तिला आधीपासून येत होता, तो कुठे वापरायचा हे आज कळलं.

एवढ्यात आतून सासूबाई म्हणाल्या, "दोन लाडू जड होतील गं पोरांना. दीडदीड द्या. अठ्ठ्याहत्तर पुरतील." मुलं चकितच झाली! कागद नाही, पेन्सिल नाही, आणि ५२ दिडके चुटकीसरशी! सासूबाईंच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं तोंडपाठ असे. पाठांतराला हल्ली नावं ठेवण्याची रीत आहे. पण त्या दिडकीमागे रोजचा बाजार होता, मापाचं दूध होतं, वाराचं कापड होतं. तेवढा आधार असेल, तर पाठांतरासारखा सोबती नाही. लाडू मात्र दोनदोनच ठरले. अर्धा लाडू फोडून वाढायला कुणीच तयार नव्हतं!

मग १०४ लाडू आम्हां चौघींत वाटायचे होते. चार डबे मांडले. प्रत्येक डब्यात २६. हा झाला वाटणीचा भागाकार. डबे किती ते ठाऊक, एका डब्यात किती ते शोधायचं. पण भागाकाराला दुसरंही तोंड आहे, ते पुष्कळ मुलांना कुणी दाखवतच नाही. खाऊचे द्रोण २५ च्या पाकिटात मिळत होते. आपल्याला हवेत ५२. इथं एका पाकिटात किती ते ठाऊक, पाकिटं किती ते शोधायचं. पहिल्यात आपण वाटतो, दुसऱ्यात गठ्ठे बांधतो. कागदावर दोन्हीकडे चिन्ह तेच. म्हणून मुलं गोंधळतात, बरं का. ती 'ढ' नसतात.

द्रोणांचा भागाकार केला. २५ दुणे ५०, बाकी २. उत्तर २. "मग दोन पाकिटं आणू या," एक मुलगी म्हणाली. दुसरी पटकन म्हणाली, "आणि दोन जणांना लाडू काय हातावर देणार?" तेव्हा तीन पाकिटं ठरली. म्हणजे बाकी २ असूनही उत्तर एकनं वाढलं.

मग कमरपट्ट्या. फितीचं रीळ दहा मीटरचं, पट्टी ८० सेंटिमीटरची. एका रिळात किती? मुलांनी ८०-८० ची बेरीज करत नेली. बारा पट्ट्यांना ९६० सेंटिमीटर, उरले ४०. "बारा की तेरा?" मी मुद्दाम विचारलं. "बाराच! चाळीसमध्ये पट्टी होत नाही." इथं बाकी सोडून द्यायची. पण ४६ पट्ट्यांना रिळं किती? बार त्रिक छत्तीस, उरल्या दहा पट्ट्या. म्हणजे चौथं रीळ हवंच. इथं पुन्हा वाढवायचं!

पाहा, पाचच मिनिटांत मुलांनी केवढी गोष्ट शिकून घेतली. भागाकार बाकी काढून देतो. त्या बाकीचं करायचं काय, हे मात्र तो सांगत नाही. ते प्रसंग सांगतो. द्रोण कमी पडून चालत नाहीत, म्हणून तिथं एक पाकीट जास्त. फितीचा तुकडा अपुरा, म्हणून तो बाजूला. वहीत मात्र "बाकी ४" लिहून खाली दोन रेघा मारल्या, की सगळं संपतं.

सगळ्यांत शेवटी नाच. होड्या करायच्या होत्या, एका होडीत सहा जण. मुलांनी चिंचोके सहासहाच्या ओळींत लावले. सात ओळी झाल्या, आणि सतरंजीवर चार चिंचोके उरले.

"बाकी चार," लेक म्हणाली. तिला आता भागाकाराची गोडी लागली होती. दुसऱ्यानं लगेच तोड काढली, "त्या चौघांना मागे नारळाची झाडं करू या."

"कोण चौघं?" मी विचारलं.

कुणी बोलेना. मग मगापासून गप्प बसलेला एक मुलगा म्हणाला, "मी होईन झाड. मला सवय आहे. मी दर वर्षी असतोच."

मैत्रिणींनो, त्यानं हे रडून म्हटलं नाही. अगदी सहज म्हटलं. पण माझ्या पोटात कालवाकालव झाली. पहिलीपासून चार संमेलनं, आणि हे पोर कधी झाड, कधी डोंगर, कधी पडदा धरणारं. कुणी मुद्दाम केलं असेल असं नाही. प्रत्येक वेळी ओळी पुऱ्या झाल्या आणि बाकीत हाच उरला, इतकंच. त्याची आई गर्दीत मान उंचावून पानांच्या आडचं तोंड शोधत असेल!

मी काहीच बोलले नाही. मोठ्या माणसानं उपदेश केला, की मुलांचा विचार तिथंच थांबतो. मुलं आपली आपण कामाला लागली. पाचपाचच्या ओळी लावल्या. नऊ झाल्या, उरला एक. "एकटा झाड? हे तर आणखी वाईट!" चारचारच्या लावल्या. अकरा झाल्या, उरले दोन. आठआठच्या पाच झाल्या, उरले सहा. दोनदोनच्या केल्या तेव्हा कुणी उरलं नाही, पण २३ होड्या रंगमंचावर मावणार कशा? एरवी पाच उदाहरणं करायला कुरकुरणारी ही मुलं. इथं मात्र अर्धा तास भागाकार चालला होता आणि कुणाच्या पोटात दुखत नव्हतं!

शेवटी आमच्या लेकीनं पुन्हा सहासहाच्या सात ओळी लावल्या. उरलेले चार चिंचोके तिनं हातात घेतले आणि एकेका ओळीच्या टोकाला एकेक ठेवला. चार होड्या सातांच्या, तीन होड्या सहांच्या. "सातवा उभा राहून जाळं फेकेल," ती म्हणाली. मी ताळा करायला सांगितला. सात चोक अठ्ठावीस, सहा त्रिक अठरा, अठ्ठावीस नि अठरा शेहेचाळीस. बाकी काही नाही.

ही मांडणी मुलांनी सोमवारी बाईंना दाखवली. बाईंनी ती मान्य केली, आणि चारही जाळी आम्ही जुन्या मच्छरदाणीतून कापून दिली. त्या मुलाला जाळंच मिळालं. तालाला तो दोनदा चुकला, पण जाळं असं झोकात फेकलं, की पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी पाय आवरून घेतले!

लेकीला आता गणितात पैकीच्या पैकी मिळतात असं मी सांगणार नाही. अजून ती हातचा विसरते. पण "गुणायचं की भागायचं" हा प्रश्न ती मला न विचारता स्वतःला विचारते. एका वाट्याला किती ते ठाऊक आहे आणि एकूण हवंय, की एकूण ठाऊक आहे आणि वाटायचंय? आणि वाटून उरलं, तर ते वाढवायचं, सोडायचं, की पुन्हा वाटून टाकायचं?

यासाठी संमेलनाचीच वाट बघायला नको. संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, धाकट्याचा वाढदिवस आहे, सोसायटीचा गणपती आहे. पुढच्या वेळी वाणाचा हिशेब मुलांकडे द्या. बायका किती येणार, वाण डझनात किती, डझन किती आणायचे, तिळगुळाची एक वडी की दोन. चिंचोके नसले तर चवळी घ्या, शेंगदाणे मात्र नकोत. हिशेब संपायच्या आत ते संपतात! मूल चुकलं तर लगेच सांगू नका, "वाढून बघ" एवढंच म्हणा. आणि ताळा केल्याशिवाय कागद उचलू देऊ नका.